जॉन ग्लेन : प्रदक्षिणा आणि कलमे

जॉन ग्लेन यांना सेनेटची जागा अंतराळाने मिळवून दिली, हा समज निवडणुकांचे निकाल पाहिले की डळमळतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी ‘फ्रेंडशिप ७’मधून पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालून ते परतले आणि अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले. तरीही ओहायोत १९६४ मध्ये दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली, तर १९७० मध्ये पक्षांतर्गत लढतीत हॉवर्ड मेट्झेनबॉम यांनी त्यांना हरवले. १९७४ मध्ये पुन्हा समोरासमोर आल्यावर ग्लेन यांनी कधी नोकरीच केली नाही, असा टोमणा आला. दुसऱ्या महायुद्धात ५९ आणि कोरियात ९० मोहिमांवर उडालेल्या माणसाने उत्तरादाखल युद्धात मुलगे गमावलेल्या आयांची आठवण करून दिली. ती लढत अंतराळवीरापेक्षा मरीन वैमानिकाने जिंकली, असे माझे मत. १९८४ च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीआधी अंतराळवीरांवरचा ‘द राइट स्टफ’ हा चित्रपट येऊनही पदरी पडले ते कर्जच.

नाव नसते तर उमेदवारी तरी मिळाली असती का, हा आक्षेप रास्त आहे. पण नावाने दार उघडते. सलग चार वेळा निवडून यायला काम लागते, आणि ग्लेन यांचे काम रुक्षच होते. १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यामागे ते होते. त्याच कायद्याने आपल्या तारापूरचे अमेरिकी इंधन अडले आणि पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. १९९४ च्या त्यांच्या दुरुस्तीने तर अणुचाचणी होताच निर्बंध आपोआप लागू होण्याची सोय केली. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अध्यक्ष क्लिंटन यांच्या हाती निवडीला जागाच उरली नाही. संकटात काय करायचे ते आधीच ठरवून ठेवायचे, ही चाचणी-वैमानिकाची शिस्त या कलमात दिसते. मात्र तिची मर्यादाही तिथेच उघडी पडली. कॉकपिटमधली यंत्रणा शेतकऱ्यांच्या दबावाखाली येत नाही, अमेरिकी काँग्रेस येते. जुलैमध्ये धान्यनिर्यातीसाठीची कर्जे निर्बंधांतून सुटली, ऑक्टोबरमध्ये अध्यक्षांना सवलतीचा अधिकार मिळाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ७७ वर्षांचे ग्लेन ‘डिस्कव्हरी’तून पुन्हा उडाले आणि अमेरिकी वर्तमानपत्रांना त्या कलमापेक्षा हे उड्डाण साहजिकच मोठे वाटले. उड्डाणाचे कारण वार्धक्याचा अभ्यास असे सांगितले गेले, पण त्यासाठी एकाच वृद्धाची निरीक्षणे कितपत पुरावीत, ही शंका तेव्हाही घेतली गेली, आणि ती चुकीची नव्हती.