अत्तींची छोटी वाट

गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना भीमबेटका दाखवायचं, असं नणंदबाईंनी पलासियातल्या घरी जाहीर केलं, तेव्हा आधी मीच नको म्हटलं. इंदूरहून भोपाळ आणि पुढे आणखी पंचेचाळीस किलोमीटर! पण नणंदबाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या. तिथल्या वाळवंटात उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक आहे, अनंगू आदिवासींचं पवित्र स्थान. त्याच्या पायथ्याशी पाणवठ्यापर्यंत सपाट वाट आहे, जाऊन-येऊन एक किलोमीटर. चाकाच्या खुर्चीतली माणसंही जातात. काही जागांचे फोटो काढू नका, असं अनंगू सांगतात. २०१९ पासून खडकावर चढणंही बंद आहे. "लांबून, सावकाश बघायचं. आईला जमेल," त्या म्हणाल्या.

भोपाळला मुक्काम करून सकाळी निघालो. गाडी गुहांजवळ जाते. पुढची बांधीव पायवाट लहानशीच. चढाला अत्तींचा हात धरला. (आमच्या बेळगावच्या घरी सासूबाईंना अत्तीच म्हणतात.) एका खडकाला 'झू रॉक' म्हणतात, इतके प्राणी त्यावर! हत्ती, हरणं, गवे. दुसरीकडे हातात हात घालून नाचणारी माणसं. अत्तींनी चष्मा पुसला. "हे तर केम्मण्णू! आमच्या भिंतींना लावायचो." गेरूच तो.

उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, आपले मराठी माणूस, १९५७ साली आगगाडीतून हे खडक बघून इथं आले, असं सांगतात. पण १८८८ मध्ये एका इंग्रजाने या जागेची नोंद केली, तीही स्थानिक आदिवासींच्या सांगण्यावरून. म्हणजे ठाऊक कुणाला होतं, ते उघडच आहे. भोवतालच्या एकवीस गावांच्या चालीरीती चित्रांशी जुळतात, असं २००३ साली जागतिक वारसा ठरवताना युनेस्कोनेही म्हटलं.

परतताना अत्ती गप्प होत्या. त्यांचं माहेर बदामीजवळ. तिथल्या शिडलफडीच्या खडकावरही अशीच जुनी चित्रं आहेत. सिडिलु म्हणजे वीज. लहानपणी काट्याकुट्यातून मुलींना कोण पाठवणार? मग लग्न झालं, मग गुडघे गेले.

रात्री पलासियात गरम पाण्यात पाय सोडून त्यांनी बेळगावला मुलाला फोन लावला. "शिडलफडीपर्यंत खुर्ची नेता येते का, विचारून ठेव."

मला वाटलं, गंमत करताहेत. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर जाऊ. ऊन कमी असतं."