वऱ्हाडचा कापूस आणि निजामाचे 25 लाख

मूर्तिजापूरला एके काळी कापूस वाहून नेणाऱ्या शकुंतला रेल्वेबद्दल सांगत होतो, तर भाचीने विचारलं, "मामा, कापसासाठी एवढी रेल्वे?" हो, कापसासाठीच!

गोष्ट सुरू होते ती इथून: हैदराबादच्या निजामाकडे इंग्रजी शिस्तीतल्या फौजेच्या खर्चाची थकबाकी होती. त्यापोटी 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वऱ्हाड ताब्यात घेतलं. नावाची मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. माझ्या मते खरा डोळा काळ्या मातीतल्या कापसावर होता.

1861 ला अमेरिकेत यादवी पेटली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग अकोला, अमरावती, खामगावच्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलकडे निघाल्या, भाव कडाडले. 1870 मध्ये खामगावचा रेल्वे फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले!

 

1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला 25 लाख रुपयांवर. घाम शेतकऱ्याचा, भाडं हैदराबादच्या गादीला. 1936 पासून निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' (बेरार म्हणजे वऱ्हाड) हा किताबही मिळाला.

तुमच्या घरी जुन्या जिनिंगच्या, कापूस बाजाराच्या आठवणी असतील तर लिहा. प्रश्नही विचारा, माहीत असेल ते सांगतो.