चौऱ्याण्णव फुटांतलं उरलेलं अंगण

4 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज समोरासमोर आले. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ भारतात खेळण्याची ही पहिलीच वेळ. प्रेक्षकांत हजारो शाळकरी मुलं होती. जादा वेळेत पेसर्सनी 132-131 असा एका गुणाने सामना मारला. हरलेल्या संघाच्या मालकाचं आडनाव रणदिवे.

विवेक रणदिवे मुंबईचे. खिशात 50 डॉलर घेऊन सतराव्या वर्षी एमआयटीत गेले, सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि पैसा कमावला. बास्केटबॉल त्यांनी जन्मात खेळला नव्हता. या खेळाशी गाठ पडली ती मुलीमुळे. अंजलीच्या रेडवुड सिटीच्या संघाचं प्रशिक्षकपद त्यांनी घेतलं. मुली बाराएक वर्षांच्या. अमेरिकन खेळाडू म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, तसं इथे काही नव्हतं. बहुतेकींचे आईवडील संगणकवाले, मुलींचं लक्ष विज्ञानाच्या प्रकल्पांत. उंची बेताची, लांबून नेम लागत नाही, चेंडू टप्प्यावर खेळवत पुढे नेणंही जेमतेम.

क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेल्या रणदिव्यांना एक गोष्ट काही केल्या पटेना. बास्केट झाली की गुण मिळवणारा संघ मुकाट्याने आपल्या टोकाला परततो आणि प्रतिस्पर्ध्याला निवांत पुढे येऊ देतो. कोर्ट 94 फूट लांब. त्यातले शेवटचे चोवीसेक फूट तेवढे राखायचे, बाकीचं अंगण आंदण! ज्यांना खेळ चांगला येतो त्यांना ही रीत सोयीची. ज्यांना येत नाही त्यांनी ती का पाळावी?

मग त्यांनी ठरवलं, सगळंच अंगण राखायचं, तेही पूर्ण सामनाभर. याला फुल कोर्ट प्रेस म्हणतात. डावपेच जुनाच, पण संघ तो अडीअडचणीलाच काढायचे. बास्केट झाल्यावर चेंडू रेषेबाहेरून 5 सेकंदांत आत टाकावा लागतो. टाकणारीला रेडवुडच्या मुली मोकळी सोडायच्या. ज्यांच्याकडे पास जाणार त्यांनाच घेरायच्या, आणि उरलेली एक मुलगी समोरच्यांच्या सर्वांत चांगल्या खेळाडूवर दुसरी राखणदार. कबड्डीत साखळी करून चढाईवाल्याला मधल्या रेषेपासून तोडतात ना, तसंच काहीसं. रेषेबाहेरची मुलगी चेंडू डोक्यावर धरून डावी-उजवीकडे बघत राही आणि 5 सेकंद निघून जात. रेडवुडच्या हाती चेंडू येई तोच बास्केटखाली. नेमबाजीची गरजच नाही. फळ्यावर 4-0, 6-0, 8-0 असे आकडे चढत. एकदा 25-0!

यासाठी दम लागतो. मुलींना पळवून पळवून तो कमावून घेतला. मदतीला होती रोमेत्रा क्रेग, ड्यूक आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांकडून खेळलेली, म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये मुरलेली. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक चिडत. लहान मुलींना खेळ शिकवायचा की चेंडू हिसकावायचा, हा त्यांचा सवाल. मला तो अगदीच खोटा वाटत नाही. मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. तिथे तिसऱ्या फेरीत पंचांनी एकामागून एक फाउल दिले, तेव्हा रणदिव्यांनी प्रेस थांबवायला सांगितलं. त्या मागे सरल्या आणि हरल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मधून ही गोष्ट जगापुढे नेली. रणदिवे 2013 मध्ये किंग्जचे मालक झाले, तर अंजली 2022 मध्ये त्यांच्याच दुय्यम संघाची, स्टॉकटन किंग्जची, जनरल मॅनेजर. बापाच्या घरचाच संघ, हे खरं. पण कोर्टाशी ओळख बाराव्या वर्षापासूनची.

वरळीहून फार दूर नसलेल्या नागपाड्यात मात्र उलटा प्रवास कधीच होऊन गेला होता. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या मिशनऱ्यांच्या संस्थेचं नावच अमेरिकन मराठी मिशन. तिच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 मध्ये याच वास्तूत सुरू झाली, हे अनेकांना ठाऊक नसतं. याच वस्तीत बास्केटबॉल रुजला, शेजारच्या मस्तान वायएमसीएत वाढला.  गल्लीतली मुलं सिमेंटवर गुडघे सोलून घेत शिकली. गुलाम अब्बास मुंतासिर हा त्यांतलाच एक, जन्म 1942. त्याला 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. 1975 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तो कर्णधार असताना भारत चौथा आला. त्या स्पर्धेत भारताची मजल अजून त्यापुढे गेलेली नाही.

आमच्या वसई तालुक्यातल्या चांदीपच्या एखाद्या मुलीला हा नागपाडा बघायचा असेल, तर आधी विरार स्टेशन गाठायचं. फास्ट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं आणि पायीच निघायचं. रिक्षा तिथे मिळत नाही.