कशाला कोणता गोंद?

आज ओरत्तनाडूहून बोलतोय. सरफोजीराजांचं मुक्तांबाळ छत्र याच गावात, आणि मराठ्यांची राजधानी तंजावर इथून जवळच. गोंदाचं शास्त्र तंजावरी चित्रात छान दिसतं. फळीवर कापड डकवायला चिंचोक्याची खळ, उठावाला खडूच्या भुकटीत कालवलेला डिंक, त्यातच काचेचे खडे, वर सोन्याचा वर्ख.

खळ, डिंक, पांढरा फेविकॉल हे सगळे पाणी निघून गेलं की धरतात. म्हणून निदान एक बाजू पाणी पिणारी हवी: लाकूड, कापड, कागद. खडा काचेचा असूनही बसतो, कारण खालचा खडू पाणी शोषतो. काचेवर धातू चिकटवताना मात्र फेविकॉल मध्येच अडकून ओला राहतो. तिथे दोन नळ्यांचं अ‍ॅराल्डाइट. ते सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतं. थर्माकोलला रबरी सोल्युशन नकोच, थर्माकोल विरघळतो.

आता महत्त्वाचं. आजीच्या तंजावरी चित्रातला खडा सुटला, तर अ‍ॅराल्डाइटला हात लावू नका. डिंक ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, अ‍ॅराल्डाइट निघताना खालचा वर्खही घेऊन निघतं. खडा पुडीत बांधून ठेवा आणि चित्र जाणकाराकडे न्या.