बिलातील रकान्यांचा क्रम : रक्कम जुळते, माल जुळत नाही

व्यापारी बांधवांमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. संगणकावर बिल करताना मालाचे नाव, संख्या, दर, रक्कम असे जे रकाने दिसतात, त्यांचा क्रम आपल्या सोयीने बदलता येतो का? आणि येत असेल तर बदलावा का? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मी नुकसान सोसून शिकलो, म्हणून येथे लिहितो.

आमचे खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचे नव्हे, सातारा जिल्ह्यातील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताक्यावर हात ठेवून आधी भाव विचारते, किती मीटर हवे ते नंतर सांगते. म्हणून मी दराचा रकाना माऊसने ओढून मीटरच्या आधी आणला. शिवाय माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. उर्दू वहीत नाव उजवीकडे आणि रकमा डावीकडे मांडण्याची सवय, त्यामुळे पडद्यावरही माझी नजर आधी उजव्या टोकाला जाते. आपल्या नजरेला जुळेल असा क्रम लावून मी खूश झालो. भाच्याला मात्र सांगायचे राहिले.

तो संध्याकाळी बिले करतो आणि पडद्याकडे न बघता करतो. आकडा, एन्टर, आकडा, एन्टर. ४२ मीटर पॉपलिन ६५ च्या दराने विकले, तर त्याने आधी ४२ टाकले आणि मग ६५. संगणकाने ते ६५ मीटर, दर ४२ असे घेतले. आता गंमत पाहा. ४२ गुणिले ६५ म्हणजे २,७३०, आणि ६५ गुणिले ४२ म्हणजेही २,७३०च. त्यावर ५ टक्के जीएसटी १३६ रुपये ५० पैसे, तोही बरोबर. रोकड जुळली, उधारी जुळली, कर जुळला. गुणाकाराने चूक झाकून टाकली. शाबानमध्ये जकातीसाठी माल मोजायला बसलो, तेव्हा मांडणीवर कापड होते आणि संगणकात नव्हते. दुसऱ्या काही ताक्यांचे याच्या उलट. भाचा म्हणत होता, "मामू, हिशोब तर पैशापर्यंत जुळतो!" त्याचे खोटे नव्हते.

किरकोळ विक्रीत अशी चूक लवकर उघडी पडते. अडीच मीटर १८० च्या दराने विकले आणि आकडे उलटले, तर एका बिलात १८० मीटर माल कमी होतो, शिल्लक उणे दिसते. ठोक विक्रीत मीटर आणि दर हे आकडे एकमेकांच्या जवळचे असतात, म्हणून तेथे ती लपून राहते. शोधायचा उपाय असा : विक्रीच्या सर्व ओळी एक्सेलमध्ये काढा, दराप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि दोन्ही टोके पाहा. खरेदीपेक्षा कमी दर किंवा बाजारात कोणी देणार नाही असा दर दिसला, की ते बिल काढून गिऱ्हाइकाकडच्या मालाशी ताडून पाहावे. क्रम लावताना एकच रकाना निवडू नका, सगळा तक्ता निवडा. नाहीतर एकाचा दर दुसऱ्याच्या मालाला चिकटतो.

आता सॉफ्टवेअरविषयी. टॅलीचा जन्म व्यापाऱ्याच्या गरजेतूनच झाला. कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविणारे बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका यांना मनासारखे हिशोबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ते लिहिले. ही १९८६ ची गोष्ट. टॅलीच्या बिलात माल, संख्या, दर, एकक, रक्कम हा क्रम ठरलेला असतो. एफ-१२ दाबून काही रकाने दाखवता वा लपवता येतात. क्रमच बदलायचा तर टी.डी.एल. या टॅलीच्या भाषेत ते लिहून घ्यावे लागते आणि त्याचे पैसे पडतात. पूर्वी मला ही अडचण वाटे, आता ती सोय वाटते. इतर काही सॉफ्टवेअरमध्ये रकान्याचे शीर्षक धरून ओढले की झाले. एक्सेलमध्ये रकाना निवडून शिफ्ट दाबून त्याची कड ओढावी, म्हणजे शेजारचा मजकूर पुसला जात नाही.

पडद्यावरचा क्रम आणि छापील बिलाचा क्रम बहुधा वेगळे ठरवावे लागतात, हेही ध्यानात असू द्या. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय असावे हे सांगितले आहे : एच.एस.एन., संख्या व एकक, करपात्र किंमत, कराचा दर. रकाने कोणत्या क्रमाने असावेत, ते सांगितलेले नाही. परंतु जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ मध्ये एच.एस.एन.वार संख्याही जाते. मीटर चुकले तर कर बरोबर असूनही विवरण चुकीचे जाते.

तरी क्रम कधीच बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. फक्त पाहायचे जे तक्ते आहेत, तेथे खुशाल बदला. टेलर बांधवांनी ऑर्डरच्या तक्त्यात कपडे देण्याची तारीख सर्वांत आधी आणावी, ईदच्या गर्दीत फार उपयोग होतो. उधारीच्या यादीत थकीत दिवस नावाशेजारी घ्यावेत. पण जेथे आकडा टाकायचा आहे तेथे दुकानातील सर्व संगणकांवर एकच क्रम ठेवा. बदलायचाच असेल तर सकाळी सर्वांना सांगून बदला, आणि पहिल्या दिवसाची बिले छापून मालाशी पडताळा. प्रत्येकाचे नाव व पासवर्ड वेगळे ठेवता येत असतील तर ठेवा. आमच्याकडे दोघांचे एकच होते.

माझ्या मालाच्या यादीत मी आता खरेदी दराच्या शेजारी चालू बाजारभावाचा एक रकाना ठेवला आहे. सॉफ्टवेअर शिल्लक मालाची किंमत सहसा खरेदीवरून काढते, जकात मात्र त्या दिवशीच्या बाजारभावाने काढावी, असे आम्हाला आलिमांनी सांगितले आहे. आपापल्या मालाविषयी त्यांना विचारून घ्यावे. मीटरचा रकाना मात्र त्याआधी एकदा हाताने मोजून घ्या.