विमानातील रबर

विमान म्हटले की चकाकणारी पत्री आणि गर्जणारी एंजिने डोळ्यांपुढे येतात. रबराची आठवण कोणालाच होत नाही. आपला त्याचा परिचय सायकलच्या पंक्चरपुरता! पण प्रवासी विमानात बसलेला माणूस सुरक्षित राहतो आणि सुखाने राहतो, यात रबराचा वाटा फार मोठा आहे.

पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे पन्नास अंशांची थंडी असते आणि हवा इतकी विरळ, की तीत माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडेल. आत मात्र आपण चहा पीत असतो. ती आतली हवा दाराच्या फटींतून निसटू नये म्हणून चौकटीला रबराची पट्टी असते. एंजिनाची थरथर आपल्या आसनापर्यंत येऊ नये म्हणून कित्येक विमानांत एंजिनाखाली रबराच्या गाद्या असतात. चाके वर घेणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या तेलाच्या नळ्यांत लहान लहान रबरी कड्या असतात. या कड्यांची एक गंमत आहे. एका जातीच्या तेलात टिकणारी कडी दुसऱ्या जातीच्या तेलात फुगून निकामी होते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या! भांडारातला माणूस पुडीवरचा क्रमांक वाचून कडी देतो, तेव्हा तो काही कारकुनी करीत नसतो.

परंतु खरी कसोटी टायरांची. विमान उतरते तेव्हा चाक थांबलेले असते आणि धावपट्टी त्याखालून ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. टेकताना धूर उडतो तो यामुळे. मोटारीच्या टायरात चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाब असतो, मोठ्या विमानाच्या टायरात दोनशेच्या जवळपास. कृत्रिम रबर कारखान्यात हवे तेवढे बनते, तरीही या टायरांत झाडाच्या चिकाचे रबर भरपूर घालतात. कारण वारंवार दबूनही ते कमी तापते. आत साधी हवा न भरता नायट्रोजन भरतात. साध्या हवेत प्राणवायू असतो. ब्रेक तापले की रबरातून निघालेल्या वाफांशी त्याचा संयोग होऊन टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एका बोइंग ७२७ विमानात नेमके हेच झाले. १६७ माणसे गेली.

आता जेद्दाहची हकीकत ऐका. ११ जुलै १९९१. हज करून नायजेरियाला परतणाऱ्या यात्रेकरूंना घेऊन नेशनएअर या कॅनडाच्या कंपनीचे डीसी-८ विमान निघाले. टायरांत दाब कमी आहे हे मुख्य मेकॅनिकला चार दिवसांपूर्वीच ठाऊक होते आणि ते बदलावेत असे त्याचे म्हणणे होते. पण विमान वेळापत्रकाच्या मागे पडले होते. ज्याला त्या विषयाचे ज्ञान नव्हते, अशा व्यवस्थापकाने टायर न बदलता विमान सोडायचे ठरवले. धावपट्टीकडे जाताना कमी दाबाच्या टायराचा भार त्याच आसावरच्या जोडीदारावर पडला. तो तापला, फुटला, मागोमाग दुसराही गेला आणि घर्षणाने आग लागली. वैमानिकांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी चाके वर घेतली आणि जळते रबर विमानाच्या पोटात आले. २६१ जणांपैकी एकही वाचला नाही.

मी आयुष्यभर कामगारांत वावरलो. ‘माल बाहेर जाऊ द्या, मग बघू’ हे वाक्य मी अनेक दरवाजांवर ऐकले आहे, त्यामुळे ही हकीकत मला परकी वाटत नाही. आणि कोणी म्हणेल, टायर बसला होता तर तो दिसला कसा नाही? जोडचाकांत हीच तर फसगत आहे! एकाचा दाब उतरला तरी शेजारचा भार उचलून धरतो, आणि दोन्ही सारखेच उभे दिसतात. म्हणून टायर थंड असताना रोज मापक लावून दाब मोजावा लागतो. टायर बनवणाऱ्यांचा नियम असा, की दाब नव्वद टक्क्यांच्या खाली गेला तर तो टायर काढावा. ऐंशीच्या खाली गेला तर त्याबरोबर त्याचा जोडीदारही काढावा, मग वरून तो कितीही धडधाकट दिसो.