एका मिनिटातील शब्द

आमचे थोरले बंधू अण्णा यांनी पन्नास वर्षे हळदीची अडत पेढी सांभाळली. शेतकऱ्यांची खाती त्यांना तोंडपाठ असत. दोन वर्षांपूर्वी ते बोलताना शब्दांसाठी अडखळू लागले, सही जुळत नाही म्हणून त्यांचे धनादेशही परत आले. 'वय झाले' असे म्हणून आम्ही सहा महिने घालवले. ज्याने बँकेत आयुष्यभर सह्या तपासल्या, त्या मलाही ती खूण उमगली नाही.

अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी घड्याळ लावून एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावे विचारली. गाय, म्हैस, बैल, घोडा, कुत्रा... अण्णा थांबले आणि पुन्हा 'गाय' म्हणाले. 'क'पासून सुरू होणारे शब्द मात्र त्यांनी अकरा सांगितले.

हा फरक बोलका असतो. प्राण्यांची नावे सांगण्यासाठी अर्थस्मृतीचे कोठार लागते. त्याचा संबंध मुख्यतः मेंदूच्या कानशिलाकडील भागाशी असतो. अक्षरावरून शब्द शोधण्यास नियोजन व एकाग्रता लागते. ते प्रामुख्याने कपाळामागील भागाचे काम. अल्झायमरमध्ये बहुधा पहिली चाचणी अधिक ढासळते. पार्किन्सन किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशात अक्षरचाचणीही तितकीच, कधी अधिक घसरते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एकीकडे खातेवहीतील नोंदीच पुसट होतात. दुसरीकडे नोंदी शाबूत असतात, पण वही चाळणारा कारकून संथ होतो.

तथापि केवळ एवढ्यावरून निदान होत नाही. शिक्षण, वय, श्रवणशक्ती, नैराश्य यांचाही गुणांवर परिणाम होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना अक्षरचाचणी लावणे अन्यायाचेच ठरेल. म्हणून रक्ततपासणी व मेंदूचे छायाचित्रण आवश्यक असते. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते, हे ध्यानी ठेवावे.

अण्णांचे ब-१२ कमीच निघाले. इंजेक्शनांनी थकवा गेला, परंतु नावे परतली नाहीत. निदान अल्झायमरचे झाले. समज शाबूत होती तोवर त्यांनी मृत्युपत्र केले, खात्यांवर वारसांची नावे नोंदवली आणि पेढीच्या किल्ल्या स्वहस्ते पुतण्याकडे दिल्या.

वाचकहो, घरातील वडीलधारे शब्दांसाठी थांबू लागले, तर घरीच परीक्षा घेत बसू नका. त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आम्ही दवडलेले सहा महिने तुम्ही दवडू नयेत, एवढ्यासाठी हे लिहिले.